टोचनच्या गाडीतली दुसरी सीट

तर ते दोन फुगे हूकदादाने एकेक करून खांद्यावर वाहून आणले, काल मी तिथपर्यंत आलो होतो आणि तेवढ्यात सूनबाईने जेवायला हाक मारली. फुगे म्हणजे पोरांनी दोऱ्याला बांधून फिरवायचे ते नव्हेत. जाड काळ्या रबराचे, वर-खाली लोखंडी चकत्या, एकेक हंड्याएवढा. लांब पल्ल्याच्या काही बसगाड्या असतात ना, खड्डा आला तरी हातातल्या पेल्यातलं पाणी सांडत नाही अशा, त्यांच्या पोटाखाली हे फुगे असतात. गाडी लोखंडी पाट्यांवर नाही, हवेवर बसते. अशीच एक बस भंगारात निघाली होती. भंगारवाला मोठा थट्टेखोर. तो म्हणाला, "ट्रकला उशी घेऊन चाललास? उद्या पांघरूण मागायला येशील." हूकदादा काही बोलला नाही. तो बोलत नसेच. त्याच बसचा कॉम्प्रेसर आणि हवेची छोटी टाकीही त्याने बाजूला काढून ठेवायला सांगितली.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगतो, म्हणजे मध्येच कुणी "हा कोण, तो कोण" करायला नको. हूकदादा आमच्या रस्त्यावरचा टोचनवाला. कुणाची गाडी बंद पडली, आपटली, खड्ड्यात गेली, की हा आपला ट्रक घेऊन जायचा, मागच्या हुकाला ती गाडी अडकवायचा, तिचं तोंड उचलायचा आणि ओढत आणायचा. त्याच्याबरोबर कायम त्याचा धाकटा भाऊ. त्या धाकट्याला सगळे मुठ्या म्हणत. आणि माझा वजनकाटा त्यांच्या आवाराला लागून. मधल्या भिंतीला एक मोठं भगदाड होतं, त्यातून तीस वर्षं मी त्या दोघांना बघितलं. माझं काम काय, ट्रक आला की वजन लिहायचं. दोन ट्रकांच्या मध्ये रिकामा वेळ भरपूर आणि बोलायला कुणी नाही. त्यामुळे त्या भगदाडाशी माझी खुर्ची असायची.

मुठ्या हे नाव कसं पडलं तेही ऐका. हुकाला जड गाडी अडकवली की ट्रकची मागची बाजू दबते. मागच्या चाकाच्या वर आणि मडगार्डच्या खाली जी फट असते, ती कमी होते. मुठ्या तिथे वाकून उभा राहायचा आणि त्या फटीत मुठीवर मूठ ठेवून मोजायचा. रिकामा ट्रक चार मुठी. ओझं चढत गेलं की तो फक्त आकडा सांगायचा. "तीन." मग "अडीच." मग "दोन." दोनच्या खाली गेलं की हूकदादा ओझं उतरवायचा, मग समोर गिऱ्हाईक कितीही चडफडो. एकदा मी गंमत म्हणून लोंबत्या गाडीसकट त्यांचा ट्रक माझ्या काट्यावर चढवायला लावला आणि मुठ्याला म्हटलं, सांग बघू वजन. त्याने मूठ लावली, डोळे मिटले, सांगितलं. काट्यावर बघितलं तर एका मध्यम अंगाच्या माणसाएवढा फरक. मी म्हटलं, मुठ्या, फरक पडला. तर हूकदादा खाली उतरून म्हणाला, "काका, तुम्ही काट्यावर उभे आहात." बघितलं तर खरंच मी काट्यावरच उभा. त्या दिवशी दोघं भाऊ हसले, तेही आवाज न करता.

मुके नव्हते हो ते. त्यांच्या वडिलांचा एक अंगठा हुकाच्या साखळीत गेला होता, तोही कुणाशी गप्पा मारताना. तेव्हापासून त्यांनी पोरांना शिस्त लावली, की हुकाला ओझं असेपर्यंत मापाशिवाय दुसरा शब्द काढायचा नाही. आणि या दोघांच्या हुकाला दिवसभर काही ना काही लोंबतच असायचं. वडील गेले, सवय राहिली. ट्रक हलवायचा असला की मुठ्या पत्र्यावर दोन थापा मारायचा. दोन थापा म्हणजे जा. एक थाप म्हणजे थांब. हूकदादाची बायको, तिला मुठ्या वहिनी म्हणायचा म्हणून आम्हीही वहिनीच म्हणायचो, ती एकदा म्हणाली, "या दोघा भावांनी मिळून जन्मभरात जेवढे शब्द खर्च केले असतील, तेवढे माझे सकाळी भाजी निवडतानाच होतात." ते काही खोटं नव्हतं. वहिनीच्या भाजीला मीही साक्षीदार होतो.

आता फुग्यांकडे येतो.

टोचनचा ट्रक रिकामा चालतो तेव्हा फार वाईट चालतो. पाटे जड ओझ्यासाठी केलेले, लोखंडाच्या पट्ट्यांची चांगली जाड चळत. ओझं नसलं की ते वाकतच नाहीत. खडा आला तरी गाडी उडते. हूकदादाला हाताखाली स्टिअरिंगचा आधार, पण पलीकडच्या सीटवर मुठ्याला कसला आधार? पन्नाशी आली आणि मुठ्याची पाठ गेली. डॉक्टरांनी सांगितलं, मणक्यात चेपलंय, धक्के बंद करा, वाकणं बंद करा. त्याने घरी येऊन फक्त एवढं केलं, की सीटवर एक पोतं घडी घालून ठेवलं. त्या पोत्यावर बसायचा आणि खड्डा दिसला की डॅशबोर्डवर दोन्ही हात टेकून स्वतःला सीटपासून चार बोटं वर उचलून धरायचा. तोंडाने हूं की चूं नाही.

हूकदादाचं लक्ष रस्त्यावर असतं असं आपल्याला वाटतं. तो खड्डा बघत नव्हता, भावाचे हात बघत होता. हे मला त्यानेच सांगितलं, ज्या दिवशी तो भगदाडाशी आला आणि न विचारता माझ्या शेजारी पायरीवर बसला त्या दिवशी. म्हणाला, खड्डे भरणं माझ्या हातात नाही. गाडी मऊ करणं आहे. आणि पुढे म्हणाला, काका, त्याला यातलं काही बोलायचं नाही. आधी सगळं होऊ दे, मग बसवून एक चक्कर मारीन. कळेल त्याला.

मला त्यातली गंमत वाटली. मी शब्द दिला. माझा शब्द म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे, पण तो मात्र मी पाळला, आणि त्याचंच आता वाईट वाटतं.

मुठ्याला त्याने, पाठीला आराम मिळेल म्हणून, परगावी लेकीकडे धाडलं, बारा दिवसांसाठी. इकडे ट्रक जॅकवर चढला. ते काम बघण्यासारखं होतं. पाट्यांच्या चळतीतल्या दोन पट्ट्या त्याने काढल्या. मागच्या चाकांना जोडणाऱ्या ॲक्सलवर वेल्डिंग करायचं नाही, तो भाग ठिसूळ होतो, म्हणून जाड पत्र्याची बैठक करून ती यू-बोल्टने आवळली. त्या बैठकीवर फुगा, फुग्याच्या वर चासी, म्हणजे ट्रकचा सांगाडा. दोन्ही बाजूंना तसंच. मग नळ्या टाकल्या, प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावून बघितलं. जिथून हवा सुटते तिथे बुडबुडा येतो. एका सांध्याला बुडबुडा येतच राहिला तर त्याने तो सांधा सात वेळा सोडला आणि सात वेळा बांधला. मी मोजत होतो. मला दुसरं काय काम?

सगळ्यात नामी वस्तू म्हणजे एक बोटभर दांडी. तिचं एक टोक चासीला, दुसरं ॲक्सलला. ओझं पडून गाडी खाली बसली की ती दांडी वर ढकलली जाते आणि टाकीतली हवा फुग्यात सोडते. ओझं काढलं की दांडी खाली येते आणि हवा फुस्स करून बाहेर. म्हणजे काहीही लादा, ट्रकची पाठ तेवढ्याच उंचीला. पहिल्यांदा ते फुस्स ऐकलं तेव्हा मी लहान पोरासारखा खूश झालो. त्याला म्हटलं, परत कर. त्याने परत केलं. मी म्हटलं, आणखी एकदा. वहिनी ओट्यावरून ओरडली, "त्यांना पुंगी आणून द्या, म्हणजे माझा नवरा जेवायला मोकळा होईल."

कॉम्प्रेसरने मात्र छळलं. आधी त्याने तो चासीखाली टांगला. चाचणीला निघाला, कुणीतरी अंगण धुतलं होतं, त्या डबक्यातून चाक गेलं आणि कॉम्प्रेसरने पाणी ओढलं. घरघर, मग खरखर, मग काहीच नाही. उघडून, पुसून, तेल देऊन पुन्हा चालू केला. पण आता ठेवायचा कुठे, की पाणी, धूळ, चिखल लागणार नाही? केबिनमध्ये एकच कोरडी जागा होती. मुठ्याच्या सीटखालची पेटी. त्यात बसवून बघितला तर चार बोटांनी वर आला. मग हूकदादाने मुठ्याची सीट बोल्ट काढून उतरवली आणि गादीवाल्याकडे दिली. सांगितलं, खालचा सांगाडा चार बोटं उंच कर, पाठीला टेकू दे, गादी दाट पण मऊ घाल, ज्याची पाठ दुखते त्या माणसासाठी करतोस असं समज. गादीवाला म्हणाला, शुक्रवारी देतो.

मुठ्या शनिवारी येणार होता. लेकीच्या घरी नुसतं बसून कंटाळला आणि गुरुवारीच आला.

मी तिथेच होतो. मुठ्या पिशवी हातात घेऊन आवारात शिरला. हूकदादाचा चेहरा असा उजळला, की लग्नातही उजळला नसेल. त्याने वाट बघायला हवी होती, एक दिवसच तर होता. पण इतके दिवस केलेलं काम दाखवायची घाई त्यालाही झाली. एक चेपलेली मोटार हुकाजवळ पडली होतीच. ट्रक रिकामा असताना त्याने खूण केली, मूठ लाव. मुठ्याने पिशवी खाली ठेवली, सावकाश वाकला, लावली. चार. मग हूकदादाने मोटार उचलली. ट्रकची पाठ जराशी दबली, कॉम्प्रेसर घरघरला, आणि पाठ पुन्हा वर आली. पुन्हा खूण. मुठ्याने लावली. चार. त्याने हात काढला, परत लावला. चारच.

हूकदादाने मोटार खाली उतरवली आणि म्हणाला, "आता तुला वाकायला नको."

मुठ्या पुढे आला, केबिनचं दार उघडलं. जिथे सीट होती तिथे चार बोल्टांवर आवळलेला कॉम्प्रेसर, आणि डॅशबोर्डवर हवेचा दाब दाखवणारं नवं घड्याळ. त्याने एक बोल्ट बोटाने हलवून बघितला. मग विचारलं, "हे इथेच राहणार?"

"इथेच. बाहेर पाणी जातं."

दोन्ही उत्तरं अगदी खरी होती. सीट उद्या येणार हे मला ठाऊक, हूकदादाला ठाऊक, गादीवाल्याला ठाऊक. माझं तोंड उघडलं होतं बघा. पण हूकदादाने माझ्याकडे असं बघितलं, की उद्याची मजा घालवू नका, आणि मी तोंड मिटलं. आयुष्यभर ज्या तोंडाबद्दल घरच्यांनी हात टेकले, ते मी नेमकं त्या वेळी मिटलं.

मुठ्याने शेडमधून आपलं पोतं आणि हातमोजे घेतले, "चांगलं केलंस दादा," म्हणाला आणि घरी गेला. हूकदादाला वाटलं, प्रवासाने दमलाय.

बस डेपोच्या सामानखोलीचा कारकून दोन वर्षं मुठ्याच्या मागे होता, की आमच्याकडे ये, नट-बोल्ट ओळखणारा माणूस मिळत नाही. शुक्रवारी सकाळी मुठ्या तिथे जाऊन हो म्हणून आला. दुपारी सीट आली. सुंदर झाली होती, मी बसून बघितली. उठावंसं वाटेना. तेवढ्यात वहिनी निरोप घेऊन आली. मुठ्याने सांगितलं होतं, दादाला सांग मी कामाला लागलो, माझी काळजी करू नको.

वहिनी निरोप देऊन गप्प बसणारी नाही. म्हणाली, जा आणि सांग त्याला, ही सीट तुझी आहे. हूकदादा म्हणाला, तो येईल ना, दिसेल त्याला. तो रविवारी येईल म्हणून थांबला, पुढच्या रविवारी येईल म्हणून थांबला. मुठ्या यायचा, घरात यायचा, पुतणीशी बोलायचा, पण आवारात पाऊल टाकत नव्हता. वहिनी मग एकदा तापली. "तू नाही सांगत तर मी सांगते," म्हणाली. तर त्याने तिला शपथ घातली. म्हणाला, बायकोच्या तोंडून निरोप गेला तर तो समजेल, दादा दया दाखवतोय.

मग त्याला एक युक्ती सुचली. तशी युक्ती त्या दोघांनाच सुचावी. दुपारच्या सुट्टीच्या वेळी त्याने ट्रक नेऊन थेट डेपोच्या फाटकासमोर उभा केला आणि पलीकडचं दार सताड उघडं ठेवलं. म्हणजे मुठ्या बाहेर आला की समोर सीट. मला बरोबर यायचं होतं, तर म्हणाला, काका, तुम्ही त्या सीटवर बसाल. मग मी फाटकाशी पानाच्या टपरीवर उभा राहिलो.

मुठ्या बाहेर आला. ट्रक बघितला. दार उघडं बघितलं. भाऊ स्टिअरिंगवर बसलेला, समोर बघत, हाक मारत नव्हता. मुठ्या आला, दाराची कडी हलवून बघितली, कधी कधी ती सैल व्हायची. मग दार नीट दाबून लावलं, खेचून खात्री केली, पत्र्यावर दोन थापा मारल्या आणि आत गेला.

दोन थापा पडल्यावर हूकदादाने गाडी हलवली. तीस वर्षांची सवय. मी टपरीवर हातात पान घेऊन तसाच उभा.

त्यानंतर तो एकटाच जायचा. सीटवर गादीवाल्याने घातलेला प्लास्टिकचा कागद त्याने काढला नाही. कुणी म्हटलं मी येतो बरोबर, तर म्हणायचा, मागे बस. मागे बसायला जागा कुठे होती?

आणि मग ती रोपवाटिकेची गोष्ट झाली. ओल्या वाळूने भरलेली एक लॉरी अडकली होती. हूकदादाने ती हुकाला अडकवली. पूर्वी ट्रकची पाठ दबली की डोळ्याला दिसायचं, आता ती सरळच. डॅशबोर्डवरचं घड्याळ हवेचा दाब सांगत होतं, पण त्याला घड्याळ वाचायची सवय नव्हती. त्याची सवय मागून येणाऱ्या आकड्याची. मागे ओझं जास्त झालं की पुढची चाकं हलकी होतात, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळायचं. तरी वळणावर स्टिअरिंग नुसतं फिरलं, गाडी सरळ गेली आणि रोपवाटिकेच्या भिंतीत घुसली. माणूस कुणी नव्हता. दोन-तीनशे कुंड्या गेल्या.

डेपो जवळच होता. मुठ्या चालत आला, मीही आलो. हूकदादा खाली उभा होता, हाताला जरासं खरचटलं होतं. मुठ्याने त्याच्या हाताकडे बघितलं, चेहऱ्याकडे बघितलं. मग तो मागे गेला नाही, पुढे गेला. पुढच्या चाकावरच्या फटीत त्याने मूठ लावली.

"पाच," म्हणाला. एरवी तिथे तीनच भरत. मग थोड्या वेळाने, "दादा, मागची आता कळत नाही, तर पुढची बघत जा."

मी मनात म्हटलं, आता सांगेल. आता नाही तर कधी. पण लॉरी अजून हुकाला लोंबत होती. दोघं भाऊ तिच्या दोन बाजूंना उभे, मध्ये वाळू गळतेय, आणि वडिलांची शिस्त. दुसरी क्रेन येऊन लॉरी उतरवेपर्यंत मुठ्याची सुट्टी संपली आणि तो गेला. हूकदादा त्याच्या पाठमोऱ्या चालण्याकडे बघत उभा राहिला. रोपवाटिकेची बाई कुंड्यांवरून भांडत होती, तिच्याकडे त्याचं लक्षच नव्हतं.

या गोष्टीलाही आता वर्ष होत आलं. परवा तो भगदाडाशी आला, पायरीवर बसला. मला राहवलं नाही. म्हटलं, अरे, त्या गुरुवारी मी तोंड उघडलं असतं तर बरं झालं असतं, ते माझ्या जिवाला लागून राहिलंय. पण तुला एवढ्या दिवसांत एकदाही सांगता आलं नाही का, की ही गाडी तुझ्यासाठी मऊ केली, ही सीट तुझी? एक वाक्य होतं. वाटेत भेटूनही सांगता आलं असतं.

तो बोटांवरचं ग्रीस चोळायला लागला. मग जे बोलला ते मी तुम्हाला जसंच्या तसं सांगतो, कारण इतकं सलग बोलताना मी त्याला तीस वर्षांत ऐकलं नव्हतं:

"काका, गेलो होतो की सांगायला. दोनदा गेलो. पहिल्यांदा लेक-जावई आले होते त्याच्याकडे, चारचौघांत कसं बोलायचं. दुसऱ्यांदा एकटाच होता. दारात खाली बसून चपलेचा पट्टा लावत होता, आणि लावून सरळ उभा राहिला, कशालाही न धरता. मी विचारलं, पाठ? तर म्हणाला, दादा, आता सहा महिने झाले, पाठ आहे का नाही तेच कळत नाही. आता तुम्हीच सांगा, माणूस असा उभा राहिल्यावर मी त्याला काय म्हणणार होतो, चल, गाडीत बस?"